चुकलेल्या बाणामागे

फाल्गुन लागला की माझ्या उजव्या हाताची तीन बोटं मला न विचारता हलायला लागतात. म्हापशाच्या दुकानात मी पाण्याचे पंप विकतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं, विहीर किती खोल आहे ते सांगत असतं, आणि काउंटरखाली माझी बोटं नसलेली दोरी ओढत असतात. परवा एक म्हातारे गृहस्थ वाकून बघत म्हणाले, "हाताक मुंग्यो इल्यो काय रे?" मी हो म्हटलं. खरं सांगायला बसलो असतो तर त्यांची पेडण्याची बस चुकली असती.

संध्याकाळी मीही त्याच बसने येतो. धारगळला उतरलो की हायवेचा धूर संपता संपता बोंडूंचा वास सुरू होतो. पिकलेल्या काजूच्या बोंडूंचा वास गोड म्हणावा तर गोड नाही, आंबट म्हणावा तर तसाही नाही. तो नाकात शिरतो आणि माणसाला बसू देत नाही. कुणाच्या तरी मळणीवर बोंडू तुडवत असतात, नीरो, म्हणजे त्यांचा रस, गळत असतो, वरून मोपाला उतरणारं विमान घरघरत जातं, लांब कुठेतरी ढोलावर कुणी हात बसवून बघत असतो. शिगमो, आमचा शिमगा, आला. लोकांना आनंद होतो. मला घाम फुटतो.

घरी जनेलाशेजारी, म्हणजे खिडकीशेजारी, खुंटीवर धनुष्य आहे. लाकडाचं, टोकं पुढच्या अंगाला उलटी वळलेली. रिकर्व्ह म्हणतात त्याला. माळ्यावर कोहळा आहे. हा कोहळा म्हणजे आमचा रानडुक्कर. आज त्याला कोळशाचे डोळे काढायचे, काथ्याचे केस चिकटवायचे आणि उद्या डोंगरावर न्यायचा. उद्या पारध आहे.

पारध म्हणजे शिकार, पण आमच्या वाड्यावर आता कोहळ्याची. बाबांच्या लहानपणी खरा डुक्कर असायचा. हाके घालायचे, कुत्रे सोडायचे, संध्याकाळी घराघरात वाटा पोचायचा. मग कायदा आला. बाबा म्हणतात, बरं झालं, डुकरापेक्षा आपलीच माणसं जास्त जखमी व्हायची. पण देवाला दिलेला शब्द मोडवत नाही, म्हणून मांडावर, देवळापुढच्या सणाच्या जागेवर, बसून जुन्यांनी कोहळा ठरवला. सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या, कडेला एक मोठा काळा चिरा आहे, त्याच्यावर कोहळा ठेवायचा आणि सड्यावरून बाण मारायचा. बाण मारायचा मान आमच्या घराचा. ढोल वाजला की चिऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पाठीमागच्या उतारावर, कुणी थांबायचं नाही. कोहळ्याला बाण लागला की शिगमो पुढे सरकतो, रोमटं, म्हणजे शिगम्याची मिरवणूक, निघतं. नाही लागला तर परत मारायचा. पण एक अट आहे, आणि सगळी गोष्ट त्या अटीतच आहे. चुकलेला बाण सापडल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. रानात बाण ठेवून घरी यायचं नाही. राखणदाराच्या, म्हणजे रान राखणाऱ्या देवाच्या, अंगणात बाण पडून राहिला तर तो वर्षभर जागा राहतो, असं म्हणतात. कोण जागा राहतो, बाण की राखणदार, हे मी कधी विचारलं नाही. दोघांपैकी कुणीही असला तरी बरं नव्हे.

माझे बाबा, अनंत, हे वाड्याच्या इतिहासातले सगळ्यात वाईट नेमबाज. बांबूचं धनुष्य, काथ्याची दोरी, आणि बाबांचा सुटलेला बाण कुठल्या दिशेला जाईल हे बाबांसकट कुणालाच ठाऊक नसायचं. एकदा तो मागे गेला होता. आमच्याकडे अजूनही कुणी बाजारात जाऊन वेळेवर परतला नाही तर म्हणतात, "गेलो, अनंताचो बाण झालो." मी शाळेत असताना याची मला भयंकर लाज वाटायची. मी मनात कोहळ्याकडे बघून हात जोडायचो, आता तरी लाग. तो नाही लागायचा.

मग गाव उतारावर पांगायचा. बाया डोक्यावर फोवांच्या, म्हणजे पोह्यांच्या, टोपल्या घेऊन, पोरं काठ्या घेऊन, म्हातारे कंबरेवर हात ठेवून. करवंदीच्या जाळ्या उचकटायच्या, पानांचे ढीग चाळायचे. बाण राहायचा बाजूला. कुणाला मधाचं पोळं दिसायचं, कुणाला गेल्या पावसात उन्मळलेलं माडताचं झाड. पाठच्या उतारावर एक झर होती. दर वर्षी कुणीतरी तिच्यात पाय घालायचा, शिवी द्यायचा, मग वाकून तिच्यातला पाला काढायचा, आणि एकाने काढला की चौघं काढायचे. सावलीत फोव खायचे, गूळ हाताला चिकटायचा, मग कुणीतरी ओरडायचं, "मिळालो रे!" आणि सगळे परत सड्यावर, बाबा परत चुकायला तयार. ऊन कलेपर्यंत हेच. घरी येताना पायांना ओरखडे, कपड्यांना बोंडूंचे डाग. ते डाग जात नाहीत. माझ्या एका शर्टावर अजून आहे, आई गेली तरी तो शर्ट मी फडक्यात काढू दिलेला नाही.

हे सगळं मी आता म्हणतो. तेव्हा मला फक्त नेम हवा होता.

तो मला मोरजीत मिळाला. लग्नाआधी काही हंगाम मी तिथल्या एका रिसॉर्टमध्ये होतो, पाहुण्यांना बाण मारायला शिकवायचं काम. सकाळी किनाऱ्यावर कासवांची अंडी राखायला लावलेल्या जाळ्यांजवळून चालत जायचं आणि दिवसभर उघड्या पाठीच्या लोकांचे कोपर सरळ करायचे. तिथे माझ्या हातात कंपाउंड धनुष्य आलं. दोन टोकांना दोन चाकं, त्यांवरून फिरणाऱ्या तारा. ओढताना सुरुवातीला जड, मग चाकं फिरतात आणि सगळा भार एकाएकी निघून जातो. दोरी पूर्ण ओढलेली, पण हातात वजन नाही. मग सावकाश छोट्या भोकातून बघा, टिकली जागेवर आणा, मनगटावरच्या खटक्याला बोट लावा. टक्. संपलं. माझ्यासारख्या माणसाला, ज्याच्या अंगात सकाळपासून संध्याकाळपर्यंत काहीतरी वळवळत असतं, त्याला ती भार नसलेली शांतता म्हणजे काय वाटली असेल! रिसॉर्टने पुढे ते आवार बंद करून तिथे तलाव केला, तेव्हा ते धनुष्य मी विकत घेतलं.

बाबांचा खांदा गेला आणि बांबूच्या धनुष्याला कीड लागली, त्या साली मी चाकांचं धनुष्य घेऊन डोंगरावर चढलो. बाया हसल्या. "शिकारेक सायकल घेवन इलो!" तेव्हापासून त्याचं नाव सायकल. गावकार, म्हणजे आमच्या मांडाचे मुख्य मानकरी, त्यांनी चष्मा पुसून ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "घंटी खंय आसा?" मी हसलो नाही. पहिला बाण मारला. कोहळा फुटला.

किती ओरडले लोक! मला खांद्यावर घेतलं. अनंताच्या घराची अब्रू धुऊन निघाली. उतरताना वाटेत बाया भेटल्या, टोपल्या डोक्यावर, अजून वर चढत होत्या. "काय झाला?" "सपला." "सपला?" त्या तशाच उभ्या राहिल्या. मग वाटेतच बसून सगळ्यांनी फोव खाल्ले, घाईघाईत, कारण पोरांना रोमटाचे कपडे इस्त्री करायचे होते. पुढच्या साली तेच. त्याच्या पुढच्या साली बायांनी फोव केलेच नाहीत. टोपल्या कशाला वाहायच्या? आणि बाबा डोंगरावर यायचे बंद झाले. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखत होताच, खोटं नव्हे. पण तोच गुडघा घेऊन ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या सुंगटांसाठी, कोलंबीसाठी, दोन फेऱ्या मारत होते.

मी एकदा चिडून विचारलं, "तुम्हाला माझा नेम बघायचा नाही का?"

"बघूक काय आसा?" बाबा म्हणाले. "लागतलो ता माका हयसर बसान ठावक आसा."

गेल्या साली माघात माझी बायको मंदा रस्त्यावर थांबली. ती डिचोलीकडची, खाणीच्या गावातली. आम्ही स्कूटरने येत होतो. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, उतरली आणि रस्त्यावरचं मातीचं ढेकूळ उचललं. लाल, ओलं. बोटांत कुस्करलं.

"ओ, ही माती वरची न्हय," ती म्हणाली. "पोटातली. आमच्या रस्त्यार अशीच पडायची. शाळेत जाताना आमी ती चुकवत चालायचो. मगे एक दिवस चुकवायला डोंगरच उरलो नाय."

मंदाच्या गावात आता डोंगराच्या जागी हिरव्या पाण्याचा खड्डा आहे. माहेरी गेली की ती त्या बाजूचं जनेल उघडत नाही. ती जे म्हणते ते मी या बाबतीत ऐकतो. दुसऱ्या दिवशी सड्यावर गेलो, काळ्या चिऱ्याच्या पलीकडे करवंदीत शिरलो, हातपाय फाडून घेतले आणि खाली पाहिलं. पाठच्या उतारावरचा काजू काही वर्षं लिलावाने बाहेरच्यांना जात होता, झरीचं पाणी नळ आल्यापासून कुणाला लागत नव्हतं, त्यामुळे त्या अंगाला आमचं कुणी फिरकत नसे. खालच्या बाजूने हिरवा पडदा बांधलेला होता. त्याच्या आत डोंगराला लाल चीर पडली होती. पिवळं यंत्र खात होतं.

मी देवळात सांगितलं. मंदाने घरोघर सांगितलं. मांडावर बैठक ठेवली, आले कोण? गावकार, त्यांचा भाऊ, मी, आणि एक जण जो पंपाची गॅरंटी विचारायला आला होता. "बघूया," म्हणाले. "कोणाचा तरी घर होत असतला." आमच्याकडे एकट्याने पाहिलेलं पाहिलेलं धरत नाहीत. त्यात वाईट हेतू नसतो. प्रत्येकाला आपापल्या आंब्याचा मोहर, आपापली पोरगी दहावीला, आपापला पाठीचा मणका. मी घरी येऊन भिंतीवर हात आपटला.

मंदा भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मीटिंग सांगितलीत तर चार डोकी येतली. बाण हरवलो म्हणून सांगा, गाव येतलो."

मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण तुमचो बाण हरवणार कसो? तुमची सायकल."

त्या आठवड्यात मी सायकल विकली. फोंड्याच्या एका हौशी मुलाने नेली, आणि त्याच्याच ओळखीने हे लाकडी धनुष्य आलं. लोकांना वाटलं मला परंपरेचा पुळका आला. गावकारांनी त्याच्या वळणदार टोकांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "परदेशीच, पण साडी नेसलेली." मी त्यांना काय सांगणार? मला परंपरा नको होती. मला चुकायचं होतं.

आणि चुकणं किती सोपं होतं! परसात गवताच्या उडवीला कोहळ्याएवढी पाटी टांगली आणि पहिल्या दिवशी पाटी काय, उडवीसुद्धा लागली नाही. या धनुष्याला चाकं नाहीत, भोक नाही, खटका नाही. तीन बोटं, दोरी आणि तुम्ही. ओढाल तेवढं ते जड होत जातं, आणि पूर्ण ओढलं की सगळ्यात जड. ज्या क्षणी माणसाने शांत असायला हवं, त्याच क्षणी खांदे थरथरतात. तिथे थांबता येत नाही. सोडावंच लागतं. बोटांना फोड आले, कोपराच्या आत दोरीने सपासप वळ उठवले. एक बाण शेजारच्या रुक्मिणकाकीच्या न्हाणीच्या कुडात घुसला. काकी आतून म्हणाल्या, "अनंता, तुझो झिल वळणार गेलो रे!" बाबा पडवीत कदेलावर, त्यांच्या खुर्चीवर, बसून पोट धरून हसत होते. किती दिवसांनी हसत होते.

पण माझं अंग मला दगा द्यायला लागलं. माघ सरता सरता बाण उडवीत बसू लागले. मग पाटीच्या कडेला. मग पाटीत. मी थांबू शकत नव्हतो. सकाळी बसच्या आधी, संध्याकाळी बसनंतर. चुकण्यासाठी घेतलेलं धनुष्य, आणि बाण लागला की छाती फुगायची. काय करावं या हाताचं? मला वाटायला लागलं, पारधीच्या दिवशी मी पुन्हा पहिल्याच बाणात कोहळा फोडणार, गाव पुन्हा रोमटाचे कपडे करायला पळणार, आणि पलीकडे ते यंत्र झर खाणार. चुलीवरचं दूध उतू जातंय आणि आपल्याला हलता येत नाही, असं ते पंधरा दिवस वाटत होतं. जेवताना मी उठून उभा राहायचो. मंदा म्हणायची, "बसा ओ, बाण घासात नाय."

एका संध्याकाळी बाबांजवळ बसून विचारलंच. "बाबा, तुम्ही मुद्दाम चुकवायचात ना? गाव फिरावा म्हणून?"

मला हो ऐकायचं होतं. इतकं सुंदर झालं असतं ते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी त्यांच्या ताटातला मासा उचलला.

"मुद्दाम? अरे झिला, माका नेम कधी जमलोच नाय. दर वर्साक वाटायचा आता लागतलो. देवाशपथ."

"मग मी चुकवला तर?"

"मुद्दाम चुकयलेलो बाण देवाक पावाचो नाय. तो बाण न्हय, दगड." आणि पुढे म्हणाले, "गावाक फसवून डोंगर दाखवशीत. मगे गाव तुझ्यावांगडा उभो रवतलो? खरो मार. काय होतला ता होवंदी."

म्हणजे मला चुकायला हवं होतं, आणि चुकवायला मनाई होती. त्या रात्री काय झोप लागणार?

पारधीच्या सकाळी वारा नव्हता. काळ्या चिऱ्यावर कोहळा बसला होता, कोळशाच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत. त्या साली साडी नेसलेलं धनुष्य बघायला बऱ्याच जणी आल्या होत्या, रुक्मिणकाकी तर पुढेच. ढोल वाजला. मी दोरी ओढली. भार वाढत गेला, खांदा थरथरला, आणि मी खरोखर, मनापासून, कोहळ्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध नेम धरला. देवाशपथ, मी म्हणू शकतो. बोटं सुटली.

बाण कोहळ्याच्या डोक्याजवळून गेला. काहीतरी "खस्" झालं. कोहळा डुलला, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि चिऱ्यावरून पाठीमागे पडला. बाण पलीकडे नाहीसा झाला.

"लागलो!" अर्धा गाव ओरडला.

"खंय लागलो? वाऱ्यान पडलो!"

"वारो खंय आसा?"

"बाणाचो वारो!"

कोहळा करवंदीत सापडला. तो खाली दगडावर आपटून फुटला होता, त्यामुळे त्याच्यावरून काही कळेना. एक म्हणे ही बाणाची खरचट, दुसरा म्हणे दगडाची. मांडावरच्या बैठकीला न आलेले लोक कोहळ्याच्या सालीवरून एकमेकांच्या अंगावर जायला लागले. शेवटी गावकारांनी काठी आपटली आणि बाण आणायला सांगितलं. "बाण हाडा. कोहळ्याची भुकटी लागलेली आसली तर लागलो. बाण सांगतलो." पिकल्या कोहळ्यावर राखेसारखी पांढरी भुकटी असते, हात लावला तरी चिकटते. बाणाच्या टोकाला ती असायलाच हवी होती. आता गोष्ट इरेला पेटली होती. लागला म्हणणारे आणि नाही लागला म्हणणारे, दोघेही करवंदीत घुसले. सगळा गाव चिऱ्याच्या पलीकडे उतरला.

मी मागे राहिलो. पुढे बोलण्याचा कलकलाट चालू होता, पाय घसरत होते, काकी कुणाला तरी शिव्या घालत होत्या. मग कलकलाट कमी झाला. मग बंद झाला. तेव्हा मी उतरलो.

लोक एका रांगेत उभे होते, कारण पुढे पाऊल टाकायला जागा नव्हती. पायाखालून डोंगर तोडलेला होता. खाली लाल सपाटी, आडवे पडलेले काजू, फांद्यांना अजून पिवळे बोंडू. शिगम्याची सुट्टी म्हणून यंत्र एकटंच उभं होतं. आणि कापलेल्या भिंतीच्या मधूनच, जिच्यातला पूर्वी वाकून पाला काढावा लागे ती झर आता उघडी पडून भिंतीवरून ओघळत होती. तिच्या पाण्याने तळाशी लाल चिखल झाला होता. त्या चिखलात पिसांपर्यंत रुतलेला माझा बाण उभा होता.

मंदाने तोंडावर पदर धरला. ती या आधी एकदा हे पाहून बसली होती.

गावकार बाजूच्या वाटेने स्वतः खाली उतरले. बाण उपसला. टोक वर धरलं. टोकावर फक्त लाल चिखल.

"धुवन बघूया," कुणीतरी म्हणालं.

"धुयलो तर भुकटी पण जातली मरे!"

गावकारांनी त्या टोकाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग झरीच्या पाण्यात त्यांनी हात घातला, डोळ्यांना लावला.

"कळणा नाय," ते म्हणाले. "लागलो काय नाय, कळणा नाय. म्हणजे पारध सपाक नाय. आज आता ऊन चढला, फाल्या परत मारूचो. आणि पारध सपल्याशिवाय देवाचो ढोल मांडार जायत नाय." ते यंत्राच्या सावलीत एका पडक्या काजूच्या बुंध्यावर बसले. "ढोल हयसर हाडा. जेवान पण हयसरच."

फोव केलेले नव्हते. काकी आणि चार बाया घरी जाऊन जे होतं ते घेऊन आल्या, पेज, कैरीच्या तोरांचं लोणचं, सकाळचे उंडे पाव. तेवढ्यात लागला आणि नाही लागला हे वाद पुन्हा सुरू झाले होते, पण यंत्राभोवती बसून. जो पंपाची गॅरंटी विचारायला आला होता तो आता मलाच समजावत होता की हे थांबवायला हवं.

मी एकटा लवकर घरी आलो. पाय थांबत नव्हते. दिवेलागण व्हायची होती, बाबा पडवीत वाट बघत होते. मी सांगायला लागलो, बाबा, कोहळा पडला पण—

त्यांनी हात वर केला. "लागलो काय नाय ता मागीर. खंय खंय हिंडलात ता सांग."

मी सांगितलं. ते झाडं विचारत गेले. झरीकडचा जांभूळ? मी म्हटलं, नाही. त्याच्या खालचो भेरलो माड? नाही. दोन काजू, एकमेकांत वाढलेले, तुझी आई त्यांका जावा-जावा म्हणायची? नाही, बाबा. ते एकेक नाव घेत होते आणि मी नाही म्हणत होतो. आयुष्यभर त्यांचा बाण जिकडे जिकडे गेला होता तो सगळा उतार त्यांना पाठ होता, आणि मी त्यांच्यासमोर तो पुसत होतो. असा जीव तुटलेला मला आठवत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "झर?" मी म्हटलं, "आहे. उघडी पडली, पण आहे." त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी खरा मारला आणि खरोखर चुकलो. बाण डाव्या अंगाला गेला आणि गाव दिवसभर डाव्या अंगाने फिरला. तिसऱ्या दिवशी लागला. पण तोवर ढोल त्या लाल सपाटीवर बसला होता, सणाच्या पाहुण्यांनाही लोक तिथेच नेऊन दाखवत होते. कुणी दोन माणसं गाडीतून आली, शंभर लोक जेवताना पाहिले, गाडी वळवून गेली. शिगमो सरल्यावर एका ट्रेलरवरून यंत्र गेलं.

काम थांबलं. बंद झालं असं मी म्हणत नाही, थांबलं. पावसात ती भिंत थोडी ढासळली, तिच्यावर आता कसलं तरी गवत आलंय. हिरवा पडदा फाटला, पण खांब अजून आहेत. खांब का काढले नाहीत? रोज बसमधून उतरलो की मी रस्त्यावर ओली माती शोधतो. मंदाही शोधते. एकमेकांना सांगत नाही.

आणि वर्षभर मी त्या धनुष्याने बाण मारतोय. मला बसवत नाही तर काय करू? आता ते माझ्या हातात बसलंय. थरथर येते, पण आता मी तिला ओळखतो, तिच्या आत एक पळभर जागा असते, तिथे बोटं सोडली की बाण पाटीत. दिवसेंदिवस पाटीत. पुन्हा तेच. साडी नेसलेली बाईसुद्धा सायकल शिकली.

म्हणून आज सकाळी गावकारांकडे गेलो. म्हटलं, उभं राहायची जागा मागे न्या.

"कितकी मागे?"

"जिथून मला खात्री नसेल तितकी."

ते काठी टेकत सड्यावर आले. मी मागे मागे गेलो. ते दर वेळी विचारायचे, "हयसून?" मी म्हणायचो, लागेल. आणखी मागे. "हयसून?" लागेल. शेवटी काळा चिरा कोंबडीच्या अंड्याएवढा दिसायला लागला, पाठीला रुमडाचं, म्हणजे उंबराचं, झाड लागलं आणि मी थांबलो. तिथे गावकारांनी तीन दगड मांडले. "पुढल्या वर्साक रुमड तोडचा लागात," ते पुटपुटले.

आता संध्याकाळ आहे. मंदा कोहळ्याला काथ्या चिकटवतेय. रुक्मिणकाकींकडे फोव भिजवायचं चाललंय, आवाज इथवर येतो. बाबा पडवीत कदेलावर, डोळे मिटून. मला वाटलं झोपले. मी धनुष्य खुंटीवरून काढलं तेव्हा म्हणाले, "फाल्या लागतलो?"

मला खात्री नव्हती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"ठाऊक नाय, बाबा."

त्यांनी डोळे उघडले. वाकून काठी शोधली, गुडघा चोळला, पाय एकदा लांब करून पाहिला.

"मगे ह्या कदेल घे फाल्या," ते म्हणाले. "माका वर न्हेवन बसय."